‘काहीतरी चुकले’ एवढ्यावर भागेल का? एका पतसंस्थेच्या अ‍ॅपमधील त्रुटिसंदेशांचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मुंबईतील पगारदार नोकरांच्या एका सहकारी पतसंस्थेचे आहे. संस्थेचे आणि तिला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचे नाव येथे दिलेले नाही. सभासदांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घटनांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. अ‍ॅपमध्ये चूक झाल्यावर पडद्यावर काय दिसावे, हे ठरवण्यासाठी संस्थेने नेमलेल्या गटात माझा सहभाग होता.

संस्थेचे मुख्य कार्यालय परळ भागात आहे आणि उपनगरांत तिच्या काही शाखा आहेत. नोकरीत असलेल्या सभासदांचे हप्ते महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४९ नुसार पगारातूनच कापले जातात, त्यामुळे त्यांना अ‍ॅपचे फारसे काम पडत नाही. निवृत्त झालेले किंवा नोकरी बदललेले सभासद मात्र आपला हप्ता आणि आवर्त ठेवीची रक्कम स्वतः भरतात, कोणी काउंटरवर रोख तर कोणी अ‍ॅपमधून यूपीआयने. ही गोष्ट आरंभीच सांगणे आवश्यक आहे, कारण ज्यांच्यासमोर त्रुटिसंदेश येण्याची शक्यता सर्वांत अधिक, ती माणसे साठी ओलांडलेली, घरी एकटीच फोन हाताळणारी आणि पैशांच्या बाबतीत सावध अशी होती. संदेश कोण वाचणार आहे, हे लक्षात न घेता संदेश लिहिले गेले, तिथूनच पुढचा गुंता सुरू झाला.

सुरुवातीच्या काळात अ‍ॅप आणि काउंटरवरचे सॉफ्टवेअर दोन्ही डेटाबेसकडून आलेली चूक जशीच्या तशी पडद्यावर दाखवत असत. एखादी पावती दुसऱ्यांदा नोंदवली गेली की ‘ओआरए-००००१’ या क्रमांकासह इंग्रजीत दोन ओळी येत आणि त्यात डेटाबेसमधल्या टेबलाचे (माहितीच्या तक्त्याचे) नावही असे. सभासदाला त्यातले काही कळत नसे. काउंटरवरच्या जुन्या कर्मचाऱ्यांनी मात्र हे क्रमांक सवयीने पाठ केले होते. अमुक क्रमांक आला की पावती दुबार झाली आहे, तमुक आला की डेटाबेसचे कनेक्शन गेले आहे, हे त्यांना ठाऊक होते आणि त्याप्रमाणे ते सभासदाला थांबवत किंवा दुसऱ्या दिवशी बोलवत.

पुढे संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांकडून सुरक्षेची तपासणी करून घेतली. डेटाबेसचा प्रकार, टेबलांची नावे, सर्व्हरवरील फाइलचा मार्ग आणि एका पानावर तर प्रोग्रामच्या कोणत्या ओळीत चूक झाली याची पूर्ण यादी बाहेरच्या कोणालाही दिसते, असा आक्षेप अहवालात होता. तो रास्तच होता. सॉफ्टवेअरमधील दुबळेपणांच्या सर्वमान्य यादीत या दोषाला सीडब्ल्यूई-२०९ असा स्वतंत्र क्रमांक आहे, कारण डेटाबेसने दिलेले त्रुटिसंदेश वाचून वाचूनच हल्लेखोर पुढची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, रचतो. तपासणी करणाऱ्यांचा सल्ला दुहेरी होता: सभासदाला साधा संदेश दाखवा, आणि संपूर्ण तपशील सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, अशा रीतीने नोंदवा की तो नंतर शोधता येईल. कंपनीने यातला पहिला भाग तत्परतेने आणि सरसकट पार पाडला. सगळ्या चुका एकाच ठिकाणी अडवून त्या जागी एकच वाक्य बसवण्यात आले: ‘काहीतरी चुकले आहे. कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.’ दुसरा भाग पुढच्या टप्प्यासाठी ठेवला गेला.

अडचण

महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत हप्ते भरण्याची गर्दी असते. अशाच एका गर्दीच्या वेळी पेमेंट गेटवेकडून, म्हणजे अ‍ॅप आणि बँक यांच्यात भरणा पोचवणाऱ्या सेवेकडून, उत्तर यायला उशीर होऊ लागला. अ‍ॅपचा सर्व्हर ठरावीक सेकंद थांबे, उत्तर आले नाही की प्रतीक्षा सोडून देई आणि तेच वाक्य दाखवी. त्या क्षणी सभासदाच्या बँक खात्यातून पैसे गेलेले असत किंवा नसत, सर्व्हरला ते माहीत नसे. ‘पुन्हा प्रयत्न करा’ ही सूचना मात्र ठामपणे दिलेली असे आणि सभासद ती प्रामाणिकपणे पाळत.

परळच्या काउंटरवर आलेल्या एका निवृत्त सभासदांच्या फोनवर बँकेचे दोन एसएमएस होते, दोन्ही एकाच रकमेचे, काही मिनिटांच्या अंतराने आलेले. त्यांनी अ‍ॅपच्या पडद्याचे फोटोही काढून ठेवले होते आणि दोन्ही फोटोंत तेच वाक्य होते. काउंटरवरच्या ताईंनी त्यांचे खाते उघडले, तर तिथे एकच हप्ता जमा दिसत होता. दुसऱ्या रकमेचा शोध घेण्यासाठी त्यांनी भरणा तपासण्याचे पान उघडले आणि त्यांच्या पडद्यावरही ‘काहीतरी चुकले आहे’ असेच आले. त्या म्हणाल्या, “काका, सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे, उद्या येता का?” काकांचा प्रश्न साधा होता: “सर्व्हरचं राहू दे, माझे पैसे आत्ता आहेत कुठे?” या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी त्या कार्यालयात कोणाकडेच नव्हते.

ताईंनी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. तिथे विचारणा झाली की चूक किती वाजता आली आणि त्या वेळी सभासद नेमके काय करत होते. वेळ सांगितली सकाळी अकरा दहाची, पण सर्व्हरचा लॉग जागतिक प्रमाणवेळेत लिहिला जात होता, म्हणजे साडेपाच तास मागे, आणि शोधणाऱ्याच्या हे ध्यानात येईपर्यंत तो भलत्याच नोंदी चाळत बसला होता. शिवाय एका मिनिटात अनेक सभासदांच्या नोंदी एकमेकींत मिसळलेल्या असत. पडद्यावरचा संदेश आणि लॉगमधील नोंद यांना जोडणारा कोणताच धागा नव्हता.

हेच वाक्य आणखी निरनिराळ्या ठिकाणी येत होते. केवायसी करताना पॅन कार्डावरचे नाव आणि संस्थेच्या दप्तरातले नाव जुळले नाही, तरी तेच. याचा त्रास विशेषतः महिला सभासदांना झाला. संस्थेत नाव स्वतःचे, पतीचे आणि सासरच्या आडनावाचे, तर पॅन कार्ड नोकरीला लागताना काढलेले असल्यामुळे त्यावर वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव. ‘पुन्हा प्रयत्न करा’ असे वाचून त्या पुन्हा पुन्हा तीच माहिती भरत आणि अखेर त्या दिवसापुरती सेवाच बंद होई. कर्जाच्या अर्जात जामीनदार अपात्र ठरला, तरी तेच वाक्य. ज्यात पुन्हा प्रयत्न करून काडीचाही फरक पडणार नाही अशा चुका, आणि ज्यात पुन्हा प्रयत्न करणे नुकसानीचे आहे अशा चुका, या दोहोंवर एकच सल्ला दिला जात होता.

पर्याय

संस्थेच्या बैठकीत तीन पर्याय मांडले गेले.

काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांचे म्हणणे होते की जुने संदेश परत आणावेत. निदान आम्हाला तरी काय बिघडले ते कळत होते, हा त्यांचा मुद्दा वजनदार होता आणि तो सुरक्षेच्या नावाखाली झटकून टाकणे अन्यायाचे ठरले असते. तरीही सभासदाच्या फोनवर टेबलांची नावे पुन्हा दिसू देणे कोणालाच मान्य नव्हते.

कंपनीचा कल केवळ क्रमांक दाखवण्याकडे होता. प्रत्येक चुकीला एक कोड द्यावा, सभासदाने तो काउंटरवर सांगावा आणि काउंटरवर त्याचा तक्ता लावलेला असावा. यूपीआय व्यवहारांत ‘यू३०’, ‘झेड९’ असे कोड असतातच, असा दाखला दिला गेला. पण ते कोड मुळात बँका आणि प्रणाली यांच्यातील बोलणे आहे. झेड९ म्हणजे खात्यात पुरेशी शिल्लक नाही, हे बँकेच्या यंत्रणेला कळावे म्हणून तो कोड आहे. खातेदाराने तो उलगडत बसावे अशी त्यात अपेक्षा नाही. रविवारी रात्री घरी बसलेल्या सभासदाला कोड सांगायला समोर काउंटरच नसतो, हेही बैठकीत निघाले.

तिसरा पर्याय, जो पुढे स्वीकारला गेला, तो असा की तपशील सर्वांसाठी एकाच मापाने वाढवायचा किंवा घटवायचा नाही, तर वाचणाऱ्याप्रमाणे त्याची वाटणी करायची. सभासदाला काय घडले, त्याचे पैसे किंवा अर्ज कोणत्या अवस्थेत आहे आणि त्याने आता काय करायचे एवढे सांगायचे. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला त्यापुढची एक पायरी उलगडून दाखवायची. आणि तांत्रिक कारण संपूर्णपणे लॉगमध्ये ठेवायचे. या तिन्हींना एकच संदर्भ क्रमांक जोडेल. ही कल्पना नवी नव्हती. वापरसुलभतेच्या क्षेत्रात जेकब नील्सन यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या दहा तत्त्वांपैकी एक हेच सांगते की संदेशाने साध्या भाषेत अडचण ओळखायला आणि तिच्यातून बाहेर पडायला मदत करावी. दोन संगणक प्रणालींनी एकमेकींना चूक कशी कळवावी याचे जे आरएफसी ९४५७ हे मानक २०२३ मध्ये आले, त्यातही तपशिलाच्या रकान्यात प्रोग्रामरच्या उपयोगाची माहिती न भरता समोरच्याला चूक दुरुस्त करता येईल अशी माहिती द्यावी, असेच सुचवले आहे.

तत्त्व मान्य होणे सोपे गेले. खरा कस लागला तो एकेक संदेश लिहिताना.

पहिला निर्णय : संस्थेलाच माहीत नसेल तेव्हा

भरण्याच्या बाबतीत तीन अवस्था संभवतात. पैसे गेलेच नाहीत. पैसे गेले आणि जमा झाले. आणि पैसे गेले की नाही हे अजून कळलेले नाही. पहिल्या दोन अवस्थांचे संदेश लिहायला फारसा वेळ लागला नाही. तिसरीवर मात्र प्रदीर्घ चर्चा झाली.

व्यवस्थापकांना भीती होती की ‘अजून कळलेले नाही’ असे लिहिले तर सभासदांचा संस्थेवरचा विश्वास डळमळेल. त्यांच्या मते ‘व्यवहार प्रक्रियेत आहे’ एवढे पुरेसे होते. माझे मत याच्या अगदी विरुद्ध होते आणि आजही आहे. प्रक्रियेत आहे असे वाचून माणूस समजतो की काम चालू आहे आणि ते होणारच आहे. ज्याच्या खात्यातून रक्कम गेल्याचा एसएमएस आला आहे त्याला ते खरे वाटते, ज्याला तो आलेला नाही तो बुचकळ्यात पडतो आणि शेवटी दोघेही पुन्हा बटण दाबतात. संस्थेला जेवढे माहीत आहे तेवढेच सांगितले तर निदान सभासद संस्थेच्या शब्दावर विसंबून थांबू शकतो.

अखेर ठरलेला संदेश असा होता: ‘तुमच्या हप्त्याचे १,५०० रुपये संस्थेकडे पोचले की नाही, हे बँकेकडून अजून कळलेले नाही. कृपया हा हप्ता पुन्हा भरू नका. बँकेचे उत्तर आले की तुम्हाला एसएमएस येईल. बँकेतून पैसे गेले असतील पण संस्थेकडे पोचले नसतील, तर ते तुमच्या खात्यात परत येतील.’ खाली संदर्भ क्रमांक आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ या बटणाऐवजी ‘स्थिती पाहा’ हे बटण.

शेवटच्या वाक्याला आधार हवा होता. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात फसलेल्या व्यवहारांच्या मुदती ठरवून दिलेल्या आहेत. यूपीआयने एखाद्या संस्थेला किंवा दुकानदाराला पैसे भरताना खात्यातून रक्कम गेली पण समोर खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांच्या आत ती आपोआप परत मिळायला हवी आणि त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई देय होते. ‘स्थिती पाहा’ या पानावर ही मुदत तारखेसह दाखवायची असे ठरले. तारीख दिसल्यावर माणूस कधीपर्यंत थांबायचे हे स्वतः ठरवू शकतो.

एवढ्यावर संदेश पूर्ण झाला असे वाटत असतानाच काउंटरवरच्या ताईंनी विचारले की दहा तारखेला रात्री हा संदेश आला तर दंडव्याज लागेल का? सभासद पुन्हा भरणा करतो तो दंडाच्या धास्तीनेच. या प्रश्नाचे उत्तर कंपनीकडे नव्हते, व्यवस्थापकांकडेही नव्हते, कारण संस्थेने तसा नियमच कधी केलेला नव्हता. विषय संचालक मंडळापुढे गेला आणि मुदतीच्या आत सुरू झालेला, पण बँकेकडील उत्तराअभावी अडकलेला भरणा वेळेत झाला असे धरावे, असा ठराव झाला. त्यानंतरच संदेशात एक वाक्य वाढवता आले: ‘या हप्त्यावर उशिराचे दंडव्याज लागणार नाही.’ संपूर्ण प्रकरणात सभासदांना सर्वाधिक उपयोगी पडलेले वाक्य हेच, असे मी मानते. ते लिहिण्यासाठी प्रोग्रामची एकही ओळ बदलण्याआधी जोखीम कोणी सोसायची हे संस्थेला ठरवावे लागले.

दुसरा निर्णय : लॉगिन

येथे उलट दिशेने ताण होता. सभासद क्रमांक ओळीने दिलेले असल्यामुळे कोणीही एकेक आकडा टाकून पाहू शकतो. ‘हा सभासद क्रमांक नोंदलेला नाही’ आणि ‘पासवर्ड चुकीचा आहे’ असे दोन वेगळे संदेश दिले, तर अ‍ॅप वापरणाऱ्या सभासदांची यादी बाहेरच्याला सहज तयार करता येते. संस्थेच्या नावाने फोन करून ओटीपी मागणाऱ्यांच्या हाती अशी यादी पडणे काय असते, हे मुंबईत वेगळे सांगायला नको. म्हणून दोन्ही चुकांना एकच उत्तर देण्याची शिफारस सुरक्षाक्षेत्रात सर्वत्र केली जाते, आणि ‘पासवर्ड विसरलात’ या पानावरही तीच पाळावी लागते. उत्तराला लागणारा वेळदेखील सारखा हवा. नोंद नसलेल्या क्रमांकाला झटकन आणि नोंद असलेल्याला पासवर्ड तपासून किंचित उशिराने उत्तर गेले, तर शब्द सारखे ठेवूनही भेद उघडा पडतो.

सभासदांची खरी चूक मात्र बहुतेक वेळा वेगळीच होती. ते सभासद क्रमांकाच्या जागी पासबुकातला कर्ज खाते क्रमांक टाकत. त्यांना नुसते ‘सभासद क्रमांक किंवा पासवर्ड चुकीचा आहे’ असे सांगितले की ते पासवर्ड बदलत बसत. यावर निघालेली तोड मला फार समाधानाची वाटते. कर्ज खाते क्रमांक सभासद क्रमांकापेक्षा लांब असतो. म्हणून आकडे जास्त झाले की फोनवरच, सर्व्हरला काही न विचारता, ‘येथे कर्ज खाते क्रमांक चालत नाही, सभासद क्रमांक पासबुकच्या पहिल्या पानावर आहे’ असे सांगायचे. हा तपशील केवळ आकड्याच्या लांबीबद्दल आहे, कोण सभासद आहे आणि कोण नाही याबद्दल त्यातून काहीच कळत नाही. खाते कुलूपबंद झाल्याचे कारण मात्र पडद्यावर न देता नोंदलेल्या मोबाइलवर एसएमएसने कळवायचे, म्हणजे ते खातेदारालाच मिळते.

तिसरा निर्णय : जामीनदार

कर्जाच्या अर्जावर जामीनदाराची पात्रता प्रणाली आपोआप तपासते. तो स्वतः थकबाकीदार असू शकतो, आधीच मर्यादेइतक्या कर्जांना जामीन राहिलेला असू शकतो, निवृत्तीजवळ आलेला असू शकतो किंवा त्याची केवायसी अपुरी असू शकते. अर्जदाराला संपूर्ण कारण सांगावे असा प्रस्ताव प्रथम आला, आणि वरकरणी तो सभासदाच्या हिताचाच वाटत होता.

पगारदारांच्या पतसंस्थेत अर्जदार आणि जामीनदार बहुधा नोकरीच्या एकाच विभागात, कित्येकदा शेजारच्या टेबलावर बसणारे सहकारी असतात. जामीनदाराचे हप्ते थकले आहेत ही गोष्ट अर्जदाराच्या फोनवर आली की दुपारच्या डब्याच्या वेळेपर्यंत ती साऱ्या विभागात पसरते. येथे तपशील ज्याला मिळतो तो एक आणि ज्याच्याबद्दल असतो तो दुसराच. म्हणून अर्जदाराला एवढेच सांगायचे ठरले: ‘जामीनदार क्र. २ या अर्जासाठी स्वीकारता येत नाहीत. कृपया दुसऱ्या सभासदाचे नाव द्या किंवा शाखेत भेटा. तुमचा अर्ज जपून ठेवला आहे, तो पुन्हा भरावा लागणार नाही.’ चारही कारणांसाठी अक्षर न् अक्षर हेच वाक्य ठेवले गेले. एखाद्या निरुपद्रवी कारणासाठी, समजा केवायसीसाठी, वेगळा संदेश दिला असता, तर वेगळा संदेश न येण्याचाच अर्थ लोकांनी थकबाकी असा लावला असता.

जामीनदाराला स्वतःचे कारण त्याच्या अ‍ॅपमध्ये लॉगिन केल्यावर दिसते. काउंटरवर फक्त अपात्र एवढेच दिसते आणि कारण कर्ज अधिकाऱ्यापुरते मर्यादित आहे. काउंटरच्या कर्मचाऱ्यांना हे आवडले नाही, कारण सभासदाचा राग त्यांनाच झेलावा लागतो. त्यांची अडचण खरी आहे आणि ती पूर्णपणे सुटलेली नाही.

प्रत्यक्ष कृती

संदेश अ‍ॅपमध्ये घालण्याआधी ते कागदावर छापून परळच्या कार्यालयात बाकावर वाट पाहत बसलेल्या सभासदांना दाखवले गेले. संदेश आवडला का असे न विचारता, हे दिसल्यावर तुम्ही काय कराल, एवढेच विचारले. अनेकांचे उत्तर होते की पडद्याचा फोटो काढून मुलाला किंवा सुनेला पाठवू. हे कोणाच्याच डोक्यात आले नव्हते. त्रुटीचा पडदा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणार असेल, तर त्यावर पूर्ण नाव, खाते क्रमांक आणि शिल्लक असता कामा नये. ते सारे काढून टाकले. संदर्भ क्रमांक मात्र फोटोत ठळक दिसेल असा मधोमध आणला.

संदर्भ क्रमांकाचेही असेच झाले. लोक फोनवर तो दोन-दोन आकड्यांच्या जोड्या करून सांगत आणि एकोणसाठ की एकोणसत्तर यात ऐकणारा हमखास अडखळे. म्हणून तीन-तीन आकड्यांचे गट पाडून तो दाखवला आणि काउंटरवर एकेक आकडा विचारून घेण्याची पद्धत घालून दिली. देवनागरी १ आणि ९ लहान अक्षरांत सारखे दिसतात, म्हणून अक्षराचा आकार वाढवला, आणि शोधण्याच्या चौकटीत देवनागरी किंवा इंग्रजी कोणतेही आकडे चालतील अशी सोय केली.

लॉग भारतीय प्रमाणवेळेनुसार शोधता येऊ लागला. सर्ट-इन या सायबर सुरक्षेसाठीच्या केंद्र सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे असतात, त्याप्रमाणे व्यवस्था झाली. पण जपायचे म्हटल्यावर त्यात काय लिहिले जाते हेही पाहावे लागले, आणि पॅन क्रमांक व ओटीपी लॉगमध्ये जाणार नाहीत याची तजवीज केली गेली. पडद्यावरून हटवलेली संवेदनशील माहिती लॉगमध्ये उघडी पडून राहिली असती तर मूळ आक्षेपाला अर्थच उरला नसता.

याच्या जोडीला प्रत्येक भरण्याला एकच विनंती क्रमांक देण्यात आला, म्हणजे त्याच हप्त्याची दुसरी विनंती आली तर सर्व्हर नवा व्यवहार सुरू न करता पहिल्याचीच स्थिती दाखवतो. ही सुधारणा संदेशांची नव्हे, पण तिच्याशिवाय संदेशांवर नको इतका भार पडला असता.

परिणाम

दुबार भरण्याच्या तक्रारी जवळपास थांबल्या. त्याचे श्रेय संदेशाला किती आणि विनंती क्रमांकाला किती हे वेगळे काढता येत नाही, कारण दोन्ही बदल एकत्रच सुरू झाले. संदेशांचा स्वतंत्र परिणाम दिसतो तो मदत क्रमांकावरच्या बोलण्यात. पूर्वी फोन ‘अ‍ॅप चालत नाही’ या वाक्याने सुरू होत. आता सभासद संदर्भ क्रमांक सांगून सुरुवात करतात आणि काउंटरवरचा कर्मचारी त्याच फोनवर उत्तर देऊ शकतो. नाव जुळत नसल्याच्या संदेशात आता दोन्ही नावांतला फरक सभासदाला तिच्याच खात्यात दिसतो, सोबत विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रत कोठे द्यायची तेही असते, त्यामुळे निष्फळ फेऱ्या वाचल्या.

दुसऱ्या तपासणीत सुरक्षा तज्ज्ञांनी नवे संदेश मान्य केले आणि एक बदल सुचवला. संदर्भ क्रमांक ओळीने येत होते, त्यामुळे दुसऱ्याचा क्रमांक ओळखून काउंटरवर चौकशी करणे शक्य होते. आता ते क्रमाने येत नाहीत आणि काउंटरवर संदर्भ क्रमांकाबरोबर सभासदाची ओळखही तपासली जाते.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत महत्त्वाची गोष्ट क्रमाची आहे. पहिल्या तपासणीनंतर लॉग शोधण्याची सोय आधी आणि संदेश झाकण्याचे काम नंतर झाले असते, तर मधल्या काळात कर्मचारी आंधळे झाले नसते. पडद्यावरचा तपशील काढायचा असेल, तर तो दुसरीकडे हाताशी आल्याची खात्री करूनच काढावा, असे संस्थेने कंपनीशी केलेल्या नव्या करारात आता लिहिलेलेच आहे.

काउंटरच्या कर्मचाऱ्यांना पाठ असलेले जुने क्रमांक आणि त्यांचे अर्थ यांची नोंद बदलापूर्वी करून घ्यायला हवी होती. त्यांच्याकडचे ते ज्ञान नंतर आठवणीतून गोळा करावे लागले आणि त्यातले काही निसटलेच. चर्चेत त्यांना सुरुवातीपासून घेतले असते, तर दंडव्याजाचा प्रश्न इतक्या उशिरा पुढे आला नसता.

संदेशांची यादी आता एका तक्त्यात ठेवली जाते. त्यात सभासदाला काय दिसते, काउंटरवर काय दिसते, लॉगमध्ये काय जाते आणि सभासदाने पुढे काय करायचे असे रकाने आहेत, आणि शेवटचा रकाना रिकामा असेल तर नवा संदेश अ‍ॅपमध्ये जात नाही. जामीनदाराच्या बाबतीत हा रकाना अजून अपुरा आहे. आपण अपात्र ठरलो हे जामीनदाराला अ‍ॅप उघडल्याशिवाय कळत नाही, आणि बरेच जामीनदार नोकरीत असल्यामुळे अ‍ॅप उघडतच नाहीत. जामीनपत्रावर सही घेतानाच त्यांच्याकडून एसएमएससाठी संमती घ्यावी, असा प्रस्ताव कर्ज समितीपुढे आहे. एसएमएसमध्ये कारण न लिहिता केवळ ‘आपल्या जामिनासंबंधी माहिती अ‍ॅपमध्ये पाहा’ एवढेच असावे, असे त्यात सुचवले आहे.